स्वतः पाहून आलो आहे

त्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला तेव्हा चेतना दात घासत होती. तोंडात फेस, एका हातात ब्रश. दुसऱ्या हाताने तिने फोन कानाला लावला आणि नुसतंच "हं" केलं. "आला का गं?" बाबांनी विचारलं. आला होता. तिने चूळ भरली आणि आकडे वाचून दाखवले, आधी तीन, मग थोडं थांबून पुढचे तीन. पलीकडून कळा दाबल्याचा आवाज येत होता आणि दर कळेआधी एक लहानसा थांबा, मुलं शुद्धलेखन लिहिताना घेतात तसा. "उघडलं," बाबा म्हणाले. त्यांच्या मागे कुणीतरी हसत होतं, कप वाजत होते. "आईने दिलेली मेथी संपवलीस का?" "संपवली." "वास यायला लागला असेल तर खाऊ नकोस हं." "संपवली म्हटलं ना, बाबा." "बरं बरं. ठेवतो." त्या दिवसातलं पुढे खूप आठवूनही तिला एवढंच आठवलं. दुपारी कामावर काय खाल्लं, संध्याकाळी दिल्लीतल्या मुनिरकाच्या गल्लीत शिरताना कोण भेटलं, झोपताना कोणतं पुस्तक उशाशी होतं, सगळं पुसून गेलं. पेस्टची गोडसर चव तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडताना फोन आला तो द्वारकेच्या घरून, आईचा. "चेतू, बाबा उठत नाहीयेत," आई म्हणाली. तिच्या सुरात भीती नव्हती, किंचित तक्रार होती; इतकी वर्षं तिच्याआधी उठून चहा टाकणाऱ्या माणसाने आज हा काय नवा आळस मांडलाय, अशी.

श्यामकांत पोंक्षे निगमात होते. म्हणजे महानगरपालिकेत, पण दिल्लीत जन्मलेल्या चेतनाला महानगरपालिका हा शब्द पुस्तकातला वाटे. घरात सगळे निगमच म्हणत. बाबांचा विभाग तक्रारींचा. बंद दिवे, तुंबलेली गटारं, वाकलेल्या फांद्या. पूर्वी लोक अर्ज घेऊन यायचे, खिडकीशी भांडायचे, बाबा त्यांना पाणी द्यायचे. मग शहर स्मार्ट झालं. मुख्य कचेरीत भिंतभर पडदे लागले, तक्रारी ॲपवर येऊ लागल्या आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाचा हुकूम निघाला. गार हॉलमध्ये एक चुणचुणीत मुलगी पडद्यावर भराभर काहीतरी उघडायची, मिटायची आणि विचारायची, "क्लिअर?" आणि पन्नाशी-साठीतली माणसं एकमेकांकडे बघत "क्लिअर" म्हणायची. शेवटी परीक्षा. बाबांच्या विभागातलं कुणीही पास झालं नाही. बाबाही नाही. त्या रविवारी चेतना द्वारकेला गेली तेव्हा त्यांनी जेवण होऊ दिलं आणि मग चोरून काही मागावं तसं म्हणाले, "मला जरा ते शिकवतेस का?" त्यानंतर कितीतरी रविवार ती दोघं डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. बाबा माउसवर पंजा पसरत, हाताखाली चिमणी धरलीय आणि ती गुदमरू नये अशा बेताने. बाण पडद्यावरून पळून जाई. ती त्यांच्या हातावर आपला हात ठेवी, तेव्हा तिच्या तळव्याला त्यांची अंगठी टोचत असे. लहानपणी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये याच हाताने तिचा हात धरून पाटीवर 'ग' गिरवून घेतला होता. आता हात वर-खाली झाले होते एवढंच, असं तिच्या मनात येई आणि ती ते बोलत नसे.

दुसऱ्या खेपेला बाबा पास झाले. विभागात जिलबी आली. आणि त्या दिवसापासून तिथे एक पद्धत पडून गेली: सकाळी बाबा आपल्या नावाने ॲप उघडायचे आणि दिवसभर सगळा विभाग त्याच नावाने काम करायचा. बाकीच्यांना पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, पण पुढचं प्रशिक्षण कधी येणार ते कुणाला माहीत नव्हतं, आणि आलंच तर बरं असंही कुणाला वाटत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या हेमलताजी म्हणायच्या, "पोंक्षे साहब हमारे मेन स्विच हैं. ये छुट्टी लें तो आधी दिल्ली की बत्ती गुल." त्या मेन स्विचची एक तार मात्र चेतनाकडे होती. नोंदणीच्या वेळी मोबाईल नंबर विचारला तेव्हा बाबांना स्वतःचा नंबर आठवेना. आपला नंबर आपण कधी लावतो? जो पाठ होता तो त्यांनी सांगितला, लेकीचा. चूक लक्षात आली तेव्हा ती दुरुस्त करायला अर्ज, शिफारस, साहेबांची सही लागणार होती. "राहू दे," बाबा म्हणाले. "रोज तुला एक फोन तरी होईल." म्हणून रोज सकाळी चेतनाच्या फोनवर ओटीपी येई, पाठोपाठ बाबांच्या टेबलावरच्या फोनवरून कॉल येई. तो नंबर तिने 'बाबा ऑफिस' या नावाने ठेवला होता.

तेरावा होऊन ती मुनिरकाच्या खोलीवर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅसजवळ उभी होती आणि फोन थरथरला. 'श्यामकांत पोंक्षे जी, लॉगिन हेतु आपका ओटीपी...' पुढे सहा आकडे. दूध वर आलं, उतू गेलं, निळी ज्योत फडफडून पिवळी झाली आणि विझली. गॅसचा वास पसरला तरी ती पडद्याकडे बघत उभीच. मग फोन वाजायला लागला. 'बाबा ऑफिस'. तिने बटण फिरवून गॅस बंद केला. हे तिला नंतर, बटण बंद बघून कळलं. फोन कानाला लावला तेव्हा पलीकडे नेहमीचे कप वाजत होते, पंख्याची तीच खरखर. क्षणभर कुणीच बोललं नाही. त्या क्षणात काय नव्हतं! मेथी होती, आला का गं होतं, इतक्या दिवसांचा सगळा गैरसमज होता, जो आता दूर होणार होता. "चेतना बेटा," हेमलताजी म्हणाल्या, "कैसे कहूँ... वो ओटीपी आया होगा." चेतनाने आकडे वाचून दाखवले. आधी तीन, थोडं थांबून पुढचे तीन. "खुल गया," हेमलताजी म्हणाल्या. "जीती रह. मम्मी का ध्यान रखना."

नवीन कुणाला लॉगिन मिळेपर्यंत, असं हेमलताजींनी नंतर सांगितलं. वरून यादी मागवलीय, पुढच्या प्रशिक्षणाची तारीख पडली की झालं. "साहब का नाम अभी सिस्टम में चालू है, बेटा. चालू है तो चलने दो." चेतना नुसते आकडे सांगत राहिली. गेल्या काही दिवसांत 'बाबा गेले' हे वाक्य घरात आईने म्हटलं, पुण्याहून आलेल्या आत्याने म्हटलं, गुरुजींनी संस्कृतात म्हटलं. चेतनाने ते कुणाला मेसेज करून कळवलं, कागदावर लिहिलं, पण तोंडाने उच्चारायची वेळ तिच्यावर आली नाही, किंवा तिने ती येऊ दिली नाही. सकाळचे सहा आकडे हे त्यापेक्षा सोपं होतं. दात घासताना ती फोन बेसिनच्या कडेवर ठेवू लागली. तो वाजला की लाज वाटावी असा एक आनंद होई. रविवारी फोन येत नसे. तेव्हा सकाळ पडलेल्या दाढेच्या जागेसारखी लागे, जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाई.

एका रविवारी द्वारकेला आई म्हणाली, "खालच्या कोपऱ्यावरची फांदी बघितलीस? मेल्या तारेला टेकलीय. बाबांना सांगायला हवं होतं." तिच्या बोलण्यात असे काळ अजून मिसळत. चेतनाने काही न बोलता ॲप उघडून तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर, प्रकाशकाच्या कचेरीत, एका जाड हस्तलिखितात बुडालेली असताना उत्तर आलं. 'आपने बताया, अच्छा किया। मैं स्वयं देख आया हूँ। फाँदी काट दी जाएगी, तब तक नीचे से न निकलें। श्यामकांत पोंक्षे.' फाँदी. हिंदी बोलता बोलता बाबा असे घरचे शब्द सोडून जायचे, आणि विभागातले लोक त्यांना चिडवायचे. चेतनाच्या मानेवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. हे कसं होतं ते तिला ठाऊक होतं. बाबांनीच सांगितलं होतं, शेवटच्या की त्याआधीच्या रविवारी. ॲपमध्ये नवी सोय आली होती: उत्तर लिहायला सुरुवात केली की पुढचं वाक्य फिक्या अक्षरांत आपोआप उमटायचं, जुन्या उत्तरांवरून शिकून. आणि जुनी नीट उत्तरं लिहिलेली कोणी? बाकीचे 'डन' लिहून मोकळे व्हायचे. बाबा तक्रार बंद करण्याआधी स्वतः तिथे जाऊन उभे राहायचे. उन्हासाठी काळी छत्री, बसचा पास, खिशात शेंगदाणे. "पोंक्षे साहब, ऐप में फोटो आ जाती है, आप क्यों धूप में जलते हो?" असं लोक म्हणत. बाबा जाऊन यायचे, पाय धुवायचे आणि मग लिहायचे, मैं स्वयं देख आया हूँ. "आता गंमत बघ," ते त्या रविवारी म्हणाले होते, "मी नुसतं 'मैं' लिहितो आणि ते पुढचं स्वतःच लिहून मोकळं होतं. मी अजून खुर्चीतून उठलोही नसतो, आणि ते म्हणतं, जाऊन आलो." ते हसले होते, पण हसताना चष्मा काढून पुसत राहिले होते. "मग काय करता?" तिने विचारलं होतं. "पुसतो. जाऊन येतो. मग पुन्हा लिहितो."

ते सगळं माहीत असूनही संध्याकाळी ती मेट्रोने द्वारकेला गेली. सोसायटीच्या कोपऱ्यावर फांदी तशीच तारेला टेकलेली होती. खाली रस्ता रिकामा, कडेने धुळीत वाळक्या शेंगा. कुणीतरी आत्ताच इथे उभं राहून, मान वर करून बघून गेलंय, असं तिला वाटलं. जिन्यात कुणाच्या साबणाचा वास मागे राहावा तसं. घरी आईने उत्तर वाचलं. चष्मा लावून, ओठ हलवत, दोनदा. "हे असंच लिहायचे," ती म्हणाली. "आई, ते मशीन लिहितं. हेमलताजी बटण दाबतात." "दाबू दे की." आई उठून कुकर लावायला गेली आणि आतून म्हणाली, "पाहून आले म्हणतायत ना? मग आले असतील." त्यानंतर दर रविवारी जेवताना आई विचारू लागली, "या आठवड्यात काय म्हणाले?" आणि चेतनाकडे सांगायला काहीतरी असे, कारण ती आता तक्रारी शोधत फिरू लागली होती. उखडलेली फरशी, झाकण नसलेली कुंडी, लुकलुकणारा दिवा. जिथे काही नसे तिथेही डोळा बारीक करून बघितलं की काहीतरी सापडे. शहर त्या बाबतीत कंजूष नव्हतं. उत्तरं येत. प्रत्येकात तोच माणूस कुठेतरी जाऊन उभा राहिलेला असे. ती डोळ्यांपुढे नकाशा आणी आणि त्यावर एक काळी छत्री इकडून तिकडे हलताना बघे. छत्री दमत नसे, बसची वाट बघत नसे.

मग तिने ते केलं जे करायला नको हे तिला करतानाच कळत होतं. आर. के. पुरममधली तिच्या लहानपणीच्या क्वार्टरची रांग पाडून वर्षं झाली होती. तिथे आता निळे पत्रे होते, पत्र्यांच्या आत खोल खड्डा आणि वर क्रेन. चेतनाने त्या जुन्या ब्लॉकचा, जुन्या क्वार्टरचा पत्ता लिहिला आणि तक्रार टाकली: घरासमोरचा दिवा लागत नाही, अंगणात अंधार आहे. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. त्या अंगणात ती सायकल शिकली होती. आई मंत्रालयातल्या नोकरीवरून उशिरा यायची, बाबा दिव्याखाली खुर्ची टाकून तिची वाट बघत बसायचे, किडे दिव्याभोवती फिरायचे, आणि चेतना त्यांच्याभोवती. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'मैं स्वयं देख आया हूँ। बत्ती ठीक है। आँगन में अब उजाला है।' तिने फोन ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावला, आणि शेजारच्या टेबलावरच्या लतिकाने विचारलं, "क्या हुआ यार, भूत देख लिया?" चेतना म्हणाली, "नहीं. उल्टा." काय उलटं ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबा तिथे जाऊन आले होते. जिथे ती जाऊ शकत नव्हती, जे नव्हतंच, तिथे जाऊन दिवा बघून आले होते. त्या रविवारी आईने विचारलं तेव्हा पहिल्यांदा ती खोटं बोलली. म्हणाली, या आठवड्यात काही नाही.

मुनिरकात तिच्या इमारतीच्या पायथ्याशी पार्वतीचं इस्त्रीचं टेबल होतं. पार्वती गढवालची, साठीच्या अलीकडची, जिभेने धारदार. चेतनाचे कुर्ते करता करता ती तिच्या लग्नापासून महागाईपर्यंत सगळ्याला इस्त्री करी. टेबलापासून चार पावलांवर गटाराचा चेंबर होता आणि त्याचं झाकण मधूनच नाहीसं होई. या खेपेला ते गेलं तेव्हा पार्वती म्हणाली, "दीदी, आपके फोन से डाल दो कंप्लेंट. मुझे तो ये ऐप-वैप दिखता भी नहीं." चेतनाने टाकली. ही तक्रार खरी होती, त्यामुळे टाकताना तिला बरंही वाटलं. उत्तर आलं: मैं स्वयं देख आया हूँ. ढक्कन लग गया है. तक्रार बंद. चेतनाने ते वाचलं, तिला हवं ते वाचलं, आणि झाकण लागलं की नाही हे बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ती दुसऱ्या बाजूने, भाजीवाल्याकडून येत-जात असे. दोन-तीन दिवसांनी ती कामावरून आली तेव्हा टेबलावर इस्त्री नव्हती, कपड्यांची गाठोडी तशीच होती. आदल्या संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन मागे सरकताना पार्वतीचा पाय चेंबरमध्ये गेला होता. मांडीपर्यंत. चार माणसांनी ओढून काढलं.

आठवड्याने पार्वती परत येऊन स्टुलावर बसली, पाय प्लास्टरमध्ये, समोर विटांवर ठेवलेला. इस्त्री तिची बहीण फिरवत होती आणि पार्वती बसल्या जागेवरून चुका काढत होती. चेंबरवर कुणीतरी जुन्या खाटेची फळी टाकून वर लाल कापड बांधलं होतं. चेतना तिच्यासमोर उकिडवी बसली. "वो... उसमें लिखा था कि ढक्कन लग गया," ती म्हणाली. "लिखा होगा," पार्वती म्हणाली. "कोई आया-वाया नहीं, दीदी. मैं तो सारा दिन यहीं बैठी हूँ, चिड़िया भी आए तो मुझे पता." मग बहिणीला, "अरी कॉलर पहले, कॉलर!" आणि पुन्हा चेतनाकडे, "पिछली गर्मी में जब गया था ढक्कन, तब आए थे. सचमुच के. एक बाबूजी, काली छतरी वाले. झुक के देखा, नाप लिया, मेरे से पानी माँगा. मूँगफली दी मुझे." चेतनाचे गुडघे दुखायला लागले होते, पण ती हलली नाही. ते चेतनाचे बाबा, हे पार्वतीला माहीत नव्हतं. तिने बाबांना चेतनाबरोबर कधी पाहिलंच नव्हतं; बाबा या गल्लीत कधी आलेच नव्हते, असं चेतनाला आजवर वाटत होतं. "फिर पूछने लगे, वो किताबों वाली लड़की यहीं रहती है ना, कौन-सी खिड़की है? मैंने कहा, वो, तीसरी मंज़िल, जिसमें पौधा सूख रहा है." पार्वती हसली. "बड़ी देर देखते रहे. मैंने कहा, ऊपर ही होगी, आज छुट्टी है, बुला दूँ? बोले, नहीं नहीं. ड्यूटी पे हूँ."

चेतना खोलीत आली. खिडकीपाशी कुंडीत तेच रोप होतं, अर्धं वाळलेलं. खोली तिने घेतली तेव्हा आई रडली होती, बाबा म्हणाले होते, "बरं केलंस, ऑफिस जवळ पडेल." ती दर रविवारी द्वारकेला जायची. सगळं रीतीने चाललं होतं. या खोलीत खुर्ची एकच होती, पुस्तकं जमिनीवर होती, भिंतीला ओल होती, आणि हे सगळं आवरून झालं की मग, एखाद्या सुट्टीला, बाबांना बोलवायचं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. वाक्यही तयार होतं. ते इतकं साधं होतं की कधीही म्हणता आलं असतं. ती खाली बघत उभी राहिली. वरून लाल कापड दिसत होतं, पार्वतीचा पांढरा पाय दिसत होता. इथून काळी छत्री दिसली असती तर तिला काय वाटलं असतं? छत्रीखालचा चेहरा वर वळला असता. त्या दुपारी ती इथेच असणार, पलंगावर लोळत काहीतरी वाचत. कुणीतरी खालून बघतंय असं तिला जाणवलंही नव्हतं. आणि गेले कित्येक दिवस, रोज, जिथे कुणीच नव्हतं तिथे तिला ते जाणवत होतं.

सकाळी ओटीपी आला. मग 'बाबा ऑफिस'. चेतना पलंगाच्या कडेवर बसली होती, तिने या वेळी ब्रश हातात घेतला नव्हता.

"हाँ बेटा, बोल," हेमलताजी म्हणाल्या.

"हेमलताजी, आज नहीं दूँगी."

"नहीं आया? नेटवर्क होगा. दोबारा भेजूँ?"

"आया है. दूँगी नहीं."

पलीकडे कप वाजायचे थांबले. हेमलताजींनी आवाज खाली आणला. "देख, मैं समझती हूँ. पर जनवरी में मेरी रिटायरमेंट है, बेटा. एक दिन बंद रहा तो ऊपर लाल बत्ती जलती है, नोटिस आता है. प्रशिक्षण की तारीख आने वाली है, बड़े साहब ने खुद कहा. बस तब तक." मग जरा थांबून, "और सच बताऊँ? उनके नाम से खुलता है तो लगता है टेबल पे बैठे हैं. तुझे अच्छा नहीं लगता?"

"लगता है," चेतना म्हणाली. "इसीलिए दे रही थी."

"फिर?"

"पार्वती का पैर टूट गया." कोण पार्वती, हे हेमलताजींना कुठून कळणार; तिने सांगितलं. गल्ली, चेंबर, झाकण. सांगताना तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता, कोरडा, समजूतदार. "उसमें लिखा है, पापा देख आए. वो नहीं गए, हेमलताजी. पापा मर गए हैं." शब्द खोलीत आला आणि पुस्तकांवर, पलंगावर, एकुलत्या खुर्चीवर बसला. "वो जहाँ नहीं गए, वहाँ उन्हें मत भेजिए."

हेमलताजी रडत होत्या की नाक शिंकरत होत्या ते कळलं नाही. "मैं तो सिर्फ़ ठीक है वाला बटन दबाती थी," त्या म्हणाल्या. "पढ़ती भी नहीं थी." आणि मग वेगळ्याच, थकलेल्या आवाजात, "वो गली कौन-सी है, फिर से बता. लिख रही हूँ. आज निकलूँगी उधर. छतरी तो उनकी यहीं टँगी है." फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने एक मेसेज आला, ओटीपीची मुदत संपल्याचा. मग आणखी एक. मग काही नाही.

तिने द्वारकेला फोन लावला. "आई, मी ते बंद केलं," ती म्हणाली. "बाबांचं. आता काही येणार नाही." आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "बरं केलंस," ती म्हणाली. "दमले असतील." मग, "तू जेवून घे वेळेवर."

कामावर सुट्टी कळवून चेतना आवरायला लागली. जमिनीवरची पुस्तकं उचलून तिने भिंतीशी लावली, एकावर एक, ओल झाकेल अशी. रोपाला पाणी घातलं. शेजारच्या खोलीतून एक खुर्ची मागून आणली आणि पहिल्या खुर्चीसमोर ठेवली. दुपार व्हायला आली होती. खिडकीत ऊन आलं होतं, खालून इस्त्रीखाली वाफ झाल्याचा चर्र आवाज येत होता, पार्वती बहिणीला काहीतरी सुनावत होती. मध्येच तिचं बोलणं थांबलं. गल्लीत अशी शांतता क्वचितच होई. चेतनाने खाली बघितलं नाही. ती दारापाशी गेली, कडी काढली आणि दार पुरतं उघडून भिंतीला टेकवलं. जिन्यात अंधार होता, खालच्या मजल्यावरून भाजलेल्या शेंगदाण्याचा की फोडणीचा कसलासा वास वर येत होता. घसा साफ करून, जिन्यातून तीन मजले खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ती म्हणाली,

"बाबा, ड्यूटी संपली. आता वर या."